कुणाच्या हाती पडेल?

अशी कल्पना करा की सातवीतल्या एका मुलीला शाळेत अकबरावर चार पानं लिहून आणायला सांगितलीयत. आई कामात, बाबा ऑफिसात आणि फोन पोरीच्या हातात. ती 'अकबर जोधा लग्न' एवढंच टाइप करते. पहिले दोन-तीन दुवे रुक्ष. मग एका दुव्यावर झकास गोष्ट सुरू होते. आग्र्याचा महाल, जळणाऱ्या शमा, बाहेर धो धो पाऊस (या गोष्टींमधे आग्र्याला बारमाही पाऊस असतो). रुसलेली जोधा, तिला मनवणारा अकबर. दोन परिच्छेद ठीक जातात. तिसऱ्यात ओढणी खांद्यावरून घसरते, आणि त्यापुढचं काही बाईंना दाखवायच्या वहीत उतरवण्यासारखं नसतं.

मंडळी, असं व्हायला फार काही लागत नाही. आपल्या आवडत्या कादंबरीतली, सिनेमातली, मालिकेतली पात्रं उचलून चाहते स्वतःच त्यांच्या पुढच्या-मागच्या गोष्टी लिहितात, त्याला फॅन फिक्शन म्हणतात. त्यात पैसा नसतो, नुसती हौस असते. बरंचसं लेखन बाळबोध असतं, काही खरोखर सुरेख असतं आणि काही उघडउघड प्रौढांसाठी असतं. लिहिणाऱ्यांत मुली आणि बायकाच जास्त, आणि बहुतेक वेळा त्या एकमेकींसाठीच लिहीत असतात. 'जोधा अकबर' मालिका २०१३ ते २०१५ या काळात चालू होती तेव्हा तिच्या चाहत्यांनीही अशा गोष्टी भरपूर लिहिल्या. त्या गोष्टी मालिका बघणाऱ्यांसाठी होत्या. सातवीतली ही मुलगी त्यांच्या हिशोबात कुठेच नव्हती.

अशा न बोलावलेल्या वाचकाचं काय करायचं? आणि त्याची जबाबदारी कोणावर? जाल आल्यावर हा प्रश्न निर्माण झाला असं आपल्याला वाटतं. पण तो चांगला दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याची उत्तरंही बरीच देऊन झाली आहेत. त्यातली बहुतेक फसली.

त्याही आधी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण लेखनाला भिंती होत्या. आपल्याकडची बैठकीची लावणी घ्या. ती बैठकीत बसलेल्यांसाठी. दार लावलेलं, आत कोण आहे हे गाणारीला समोर दिसत असे. राम जोशी लावण्याही रचत आणि कीर्तनंही करत. माणूस एकच, पण लावणीला कोण बसणार आणि कीर्तनाला कोण येणार हे वेळ आणि जागाच ठरवून टाकत. छापखाना आला आणि या भिंती पडल्या. छापील कागदाला समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

मग १८६८ साली इंग्लंडमधे एक खटला झाला. कॅथलिक पंथावर, विशेषतः त्यांच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर तुटून पडणारी एक पुस्तिका हेन्री स्कॉट नावाचा गृहस्थ विकत होता. त्यातून त्याला नफा कमवायचा नव्हता, कॅथलिकांची बदनामी करायची होती. त्या पुस्तिकेत चावट मजकूर होता म्हणून ती जप्त झाली. हा 'हिकलिन खटला' (हिकलिन हे निकालाच्या वादात सापडलेल्या मॅजिस्ट्रेटचं नाव). सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी त्यात अश्लीलतेची एक कसोटी घालून दिली. थोडक्यात ती अशी: ज्यांची मनं अशा गोष्टींनी बिघडू शकतात अशांच्या हाती हे लेखन पडेल का, आणि पडलं तर ती बिघडतील का? लिहिणाऱ्याचा हेतू काय होता, त्याने कोणासाठी लिहिलं, याला मग फारसं महत्त्व उरलं नाही.

म्हणजे काय झालं बघा. पुस्तक कुणासाठी लिहिलं हा प्रश्न मागे पडला आणि ते कुणाच्या हाती पडेल हा पुढे आला. वाट चुकून आलेला वाचकच न्यायाधीश होऊन बसला. साहेबाबरोबर ही कसोटी हिंदुस्थानातही आली.

तिचा चटका बसलेलं एक पुस्तक आपल्या मराठी माणसांच्या दरबारात जन्मलं होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशाचं राज्य तंजावरला होतं हे आपण शाळेत शिकलोय. व्यंकोजींचे नातू प्रतापसिंह यांनी १७३९ ते १७६३ राज्य केलं. त्यांच्या दरबारात मुद्दुपलनी नावाची एक गणिका होती. विद्वान आणि तेलुगूची उत्तम कवयित्री. तिने 'राधिका सांत्वनमु' हे काव्य लिहिलं. राधा एका मुलीला, इळादेवीला, वाढवते, कृष्णाशी तिचं लग्न लावून देते, दोघांना चार गोष्टी शिकवते आणि मग स्वतःच मत्सराने जळते. शेवटी कृष्ण तिची समजूत काढतो. काव्य भरपूर शृंगारिक आहे, आणि विशेष म्हणजे त्यातली इच्छा बाईची आहे. सगळ्यांच्या ओळखीची पात्रं घ्यायची आणि मूळ कथेत नसलेला कोपरा स्वतः लिहून काढायचा, हेच तर आजच्या त्या लेखिका करतात. मुद्दुपलनीने नुसतं ते पावणेतीनशे वर्षं आधी केलं, आणि जाणत्या दरबारासाठी केलं. तिथे कोणी नाक मुरडल्याचं दिसत नाही.

मग ते काव्य भलत्या वाचकांच्या हाती आलं. १८८७ साली ते छापलं गेलं, पण काही भाग गाळून. तेलुगूतले मोठे समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी ते वाचलं आणि बाईच्या लेखणीला न शोभणारं, अश्लील म्हणून त्याच्यावर कडक टीका केली. सुधारक खरेच मोठे होते हो. विधवाविवाहासाठी त्यांनी जन्म वेचला. पण हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

नंतर बंगळूर नागरत्नम्मा या नामवंत गायिकेने (त्याही देवदासी परंपरेतल्या) मूळ हस्तलिखित मिळवून १९१० साली पूर्ण काव्य छापलं. त्यांनी वीरेशलिंगम यांना विचारलं की हा नियम फक्त बायकांनाच का? पुरुष कवींनी, खुद्द तुम्हीही, याहून उघडं लिहिलेलं चालतं ते कसं? या प्रश्नाचं उत्तर पोलिसांनी दिलं. १९११ साली प्रती जप्त झाल्या आणि पुस्तकावर बंदी आली. ती उठली १९४७ साली, टंगुटुरी प्रकाशम यांच्या सरकारच्या काळात. १९५२ साली पुस्तक पुन्हा निघालं. नागरत्नम्मा त्याच वर्षी गेल्या.

बंदीने कोणा कोवळ्या वाचकाचं किती रक्षण केलं ते सांगता येत नाही. पण तंजावरच्या मराठा दरबारात एक बाई अशी लिहीत होती, हे मात्र ती आपल्याला जवळजवळ विसरायला लावून गेली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तंजावर म्हटलं की सरस्वती महाल ग्रंथालय येतं, सरफोजी राजे येतात. मुद्दुपलनी किती जणांनी ऐकली असेल?

स्वातंत्र्य मिळाल्यावर हिकलिनसाहेब परत गेले असतील असं वाटलं असेल तर तसं नाही. मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी (थोडी कमी-जास्त करून) वापरून ती कायम ठेवली. २०१४ साली न्यायालयाने हिकलिन सोडून दिली आणि आजच्या समाजाची सर्वसाधारण दृष्टी हा निकष घेतला. सगळ्यात दुबळा वाचक काय म्हणेल याऐवजी सर्वसामान्य वाचक काय म्हणेल, असा हा बदल. बरा बदल म्हणायचा.

पण पुढच्याच वर्षी इतिहासातल्या माणसांचा प्रश्न आला, आणि तोही मराठीतून. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता. गांधीजी कवीला ठिकठिकाणी भेटतात आणि त्या त्या जागेची भाषा बोलतात, शिव्यांसकट. ती आधी प्रसिद्ध झालेली होतीच, कवितेच्या वर्तुळातल्यांना माहीतही होती. १९९४ साली ती एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली आणि खटला उभा राहिला. कविता तीच, फक्त वाचक बदलले. २१ वर्षांनी, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतिहासातल्या पूज्य व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली असेल तर समाजमान्य निकष अधिकच कडकपणे लावला जाईल. माफी मागितलेल्या प्रकाशकाची आरोपातून सुटका झाली. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं गेलं.

हा निकाल वाचताना मनात दोन बाजू उभ्या राहतात. गांधीजींवर ज्याची श्रद्धा आहे त्या माणसाला ती कविता अचानक समोर आल्यावर लागणारा धक्का खोटा नाही. त्याला 'तुला कळत नाही' म्हणून हिणवणं हा शहाणपणा नाही. पण दर वेळी त्या धक्क्याची किंमत लिहिणाऱ्यानेच मोजायची का?

आता जरा घरच्या मंडळींकडे वळते. हा ब्लॉग माझ्या दोन आत्या आणि एक मामा नेमाने वाचतात, त्यामुळे शृंगार हा शब्द टंकतानाही बोटं जरा थबकतात. लिहिताना डोक्यात एक वाचक असतो आणि दारातून भलताच आत येतो, हे आपल्यातल्या प्रत्येक ब्लॉगकराला ठाऊक आहे. (मामा, तुम्ही भलते नाही. :) )

घरच्यांची भीती किती जुनी आहे आणि ती काय करते याचा एक नमुना अमेरिकेत आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन हा त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातला वॉशिंग्टनचा तरुण सहायक, पुढे देशाचा पहिला अर्थमंत्री. १७७९ च्या एप्रिलमधे त्याने आपला मित्र जॉन लॉरेन्स याला एक फार हळवं आणि मधेच चावट थट्टा करणारं पत्र लिहिलं. लॉरेन्स १७८२ साली लढाईत मारला गेला, हॅमिल्टन १८०४ साली द्वंद्वयुद्धात. पुढे हॅमिल्टनच्या मुलाने वडिलांची कागदपत्रं संपादित करायला घेतली. त्या पत्राच्या माथ्यावर त्याने शेरा मारून ठेवलाय की हे सगळं मला छापता येणार नाही. पत्रातले काही शब्द खोडलेलेही आहेत. दोन मित्रांमधल्या पत्राचा हा न बोलावलेला वाचक, आणि तो पोटचा मुलगा.

बिचाऱ्याला वाटलं असेल, विषय संपला. पण २०१५ साली ब्रॉडवेवर 'हॅमिल्टन' हे संगीत नाटक आलं, शाळकरी मुलांना त्याची गाणी पाठ झाली आणि हॅमिल्टन-लॉरेन्स या जोडीवर हजारो गोष्टी लिहिल्या गेल्या. कोवळ्या, रडक्या आणि अगदी कडक प्रौढांसाठीच्यासुद्धा. खोडलेल्या ओळीखाली काय असेल याचा शोध घेणाऱ्याला कल्पनेचं रान मोकळंच. शाळेसाठी हॅमिल्टनची पत्रं शोधणारा मुलगा त्या रानात शिरायला वेळ लागत नाही. जपलेलं पत्र आणि रचलेली गोष्ट त्याच्यासमोर एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरात येतात.

मग या लिहिणाऱ्यांनी स्वतः काय केलं? त्यांनी न बोलावलेल्या वाचकाचा विचार केलाच नाही असं नाही. उलट माझ्या मते तो सगळ्यात जास्त त्यांनीच केलाय. जालाआधी, १९७० च्या दशकात, 'स्टार ट्रेक'चे चाहते आपल्या गोष्टी झेरॉक्स-सायक्लोस्टाइल करून पोस्टाने वाटत. प्रौढांसाठीचा अंक हवा असेल तर आपण सज्ञान आहोत असं लिहून पाठवावं लागे. बैठकीचं दारच ते. पुढे ते लेखन जालावर आलं. फॅनफिक्शन डॉट नेट या मोठ्या साइटने २००२ साली प्रौढांसाठीचं लेखन सरसकट बंद केलं. तिच्या नियमांत आणखी एक गंमत आहे. हयात नट-गायकांवरच्या गोष्टी चालत नाहीत, इतिहासातल्या व्यक्तींवरच्या चालतात. मेलेला माणूस तक्रार करत नाही ना! २००७ साली लाइव्हजर्नलने तक्रारींना घाबरून सुमारे ५०० खाती एका झटक्यात उडवली. त्यात अत्याचारातून सावरणाऱ्या लोकांचे गटही गेले. कोणी काय लिहिलंय ते वाचायला सवड कुणाला होती?

या अनुभवातून त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची संस्था काढली आणि २००९ साली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संग्रहालय उघडलं. जाहिरात नाही, नफा नाही, काम स्वयंसेवकांचं, खर्च देणग्यांवर. २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. त्यांनी बंदीऐवजी पाटीचा मार्ग घेतला. प्रत्येक गोष्टीवर लिहायचं की सगळ्यांसाठी, किशोरांसाठी की फक्त प्रौढांसाठी. हिंसा असेल तर तसं सांगायचं, किंवा आपण सांगणार नाही हे तरी सांगायचं. प्रौढांसाठीची गोष्ट नवख्याने उघडली तर आधी एक कोरं पान येतं: आत असा मजकूर असू शकतो, पुढे जायचंय का?

मला यात मोठं शहाणपण दिसतं. पाटी लेखनाचं तोंड दाबत नाही आणि वाचकाला मूर्खही ठरवत नाही. ती फक्त तुटलेली भिंत पुन्हा उभी करते आणि तिला दार ठेवते.

पाटीने सगळं भागत नाही हेही खरं. २०२० च्या फेब्रुवारीत चीनमधे शियाओ झान या नटावरची एक प्रौढ गोष्ट त्याच्याच चाहत्यांपैकी काहींच्या नजरेस पडली. आपल्या लाडक्याचं असं चित्र काढलंय याचा संताप येऊन त्यांनी सरकारकडे तक्रारींची मोहीम चालवली, आणि २९ फेब्रुवारीला ते सगळं संग्रहालयच चीनमधे बंद झालं. एका गोष्टीपायी लाखो गोष्टी गेल्या. मग ज्यांचं वाचनालय गेलं ते चिडले आणि त्यांनी त्या नटाच्या जाहिरातींवर बहिष्कार घातला. ज्याने काही लिहिलं नाही आणि कसली तक्रारही केली नाही, तोच भरडला गेला. म्हणजे १९११ चंच, फक्त जास्त वेगाने.

आणि इतिहासाच्या बाबतीत एक पाटी अजून लागलेलीच नाही असं मला वाटतं. 'प्रौढांसाठी' ही पाटी आहे. 'हे घडलेलं नाही' ही नाही. लिहिणारीला तिची गरज वाटत नाही, कारण तिच्या मैत्रिणींना ते माहीतच असतं. वाट चुकून आलेल्याला माहीत नसतं. जोधाचंच घ्या. अकबराने १५६२ साली आमेरच्या राजा भारमलच्या मुलीशी लग्न केलं, हा इतिहास. तिला मरियम-उझ-झमानी हा किताब मिळाला आणि ती जहांगीरची आई, हाही इतिहास. पण तिचं नाव जोधा होतं असं त्या काळच्या बखरकारांनी कुठेच लिहिलेलं नाही. ते नाव जहांगीरच्या मारवाडी राणीचं, म्हणजे सुनेचं, आणि ते सासूला चिकटलं. 'मुगल-ए-आझम' (१९६०), मग 'जोधा अकबर' सिनेमा (२००८), मग मालिका. एकावर एक थर चढत गेले. चाहत्यांची चावट गोष्ट हा त्यातला फक्त सगळ्यात वरचा आणि सगळ्यात प्रामाणिक थर, कारण ती स्वतःला इतिहास म्हणवत नाही. खालचे थर म्हणवतात.

आपण मराठी लोकांनी यावर फार हसू नये. 'स्वामी' वाचून माधवराव-रमाबाईंचे संवाद खरेच असे झाले असं धरून चालणारी किती तरी माणसं आपल्या घरात आहेत. त्यांत चावट काही नाही म्हणून आपल्याला त्याची काळजी वाटत नाही, इतकंच. पण मुलाच्या डोक्यात खोटा इतिहास जाण्याची भीती खरी असेल, तर ती सोज्वळ खोट्यालाही लागू व्हायला हवी.

ओढणी घसरली याचा धक्का पोराला दोन दिवसांत विसरायला होतो, विशेषतः घरात कोणाशी बोलायची सोय असेल तर. पण 'जोधा' मात्र आयुष्यभर राहते. त्यामुळे फोन काढून घेण्याआधी दोन गोष्टी शिकवाव्यात असं मला वाटतं. हे कोणी, कधी, कोणासाठी लिहिलंय ते आधी बघायचं. आणि राजा मनात काय म्हणाला हे लेखकाला कसं कळलं, असं दर वेळी विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाने तर मोठ्यांच्याही कपाटातली बरीच पुस्तकं जागची हलतील.

कॉकबर्नसाहेबांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. लेखन कुणाच्या हाती पडेल याची काळजी करायलाच हवी. पण दीडशे वर्षं आपण त्या प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्याचा हात धरून शोधतोय. ज्या हाती ते पडतं, त्या हाताला धरायला आपल्यापैकी कोणीतरी शेजारी बसलेलं असावं, इतकं साधं आहे ते.

असो. लांबलं जरा. तुमच्याकडे कोणी न बोलावता काही वाचलं असेल, किंवा तुम्हीच वाचलं असेल, तर खाली जरूर लिहा. आत्यांनो, तुम्हीसुद्धा.